मोंबासाचा फोर्ट जीझस बघायला जाताय? मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी वसईची. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंतींवर चढत लहानाची मोठी झाले. केनियाला जाऊन आल्यापासून नातेवाईक, ऑफिसातले लोक, मावशीच्या भिशीतल्या बायका असे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला व्हॉइस मेसेज पाठवून दमले, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून काढते आहे.

हा किल्ला आहे कुठे?

केनियाच्या किनाऱ्याला अगदी चिकटून मोंबासा नावाचं बेट आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, जेमतेम चार अंशांवर. बेटावर पोचल्याचं चटकन लक्षातही येत नाही, कारण मुख्य भूमीवरून रस्ते पुलांनी बेटावर येतात आणि दक्षिणेकडे लिकोनीची फेरीबोट आहे. फोर्ट जीझस बेटाच्या पूर्व टोकाला, जुन्या बंदराच्या तोंडाशी उभा आहे. तिथल्या स्वाहिली भाषेत किल्ल्याला 'न्गोमे' म्हणतात, पण रिक्षावाल्याला नुसतं 'फोर्ट जीझस' सांगितलं तरी पुरे.

केनिया म्हणजे सफारी. किल्ल्यासाठी कोण जातं?

हा मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा प्रश्न. सिंह जरूर बघा, माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या बाजूच्या माणसाने, खास करून वसई, ठाणे, चौल, गोवा इथल्या माणसाने, मोंबासाला जाऊन हा किल्ला टाळला तर त्याने स्वतःच्याच घराची मागची खोली पाहिली नाही असं मी म्हणेन.

कारण हा किल्ला चालवला जायचा गोव्याहून. पोर्तुगीजांचा पूर्वेकडचा सगळा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाती होता आणि आफ्रिकेचा हा किनारा त्यातच मोडायचा. कप्तान, दारूगोळा, वेढ्यातली कुमक, सगळं गोव्याकडून यायचं. आणि किल्ल्यासमोर जे जहाज बुडालेलं आहे त्याचं नाव 'सांतु आंतोनियु द ताना'. यातलं 'ताना' म्हणजे आपलं ठाणे. ते १६८१ साली वसईत बांधलं गेलं. संग्रहालयात त्याच्या माहितीफलकावर वसईचं नाव वाचलं आणि मी तिथेच थबकले. मागून आलेल्या शाळेच्या पोरांनी मला वळसा घालून पुढची काच गाठली.

बांधला कोणी आणि कशासाठी?

वास्को द गामा एप्रिल १४९८ मध्ये मोंबासाला आला तेव्हा त्याचं स्वागत काही बरं झालं नाही. तो पुढे मालिंदीला गेला. तिथल्या सुलतानाशी त्याचं जमलं आणि तिथून वाटाड्या घेऊन तो कालिकतला पोचला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं पोर्तुगीजांचा या किनाऱ्यावरचा अड्डा मालिंदीच होता. मोंबासा त्यांनी अनेकदा लुटलं, जाळलं, पण तिथे ठाण मांडलं नाही. १५८० च्या दशकात मीर अली बे नावाचा तुर्की सरदार या किनाऱ्यावर येऊन पोर्तुगीजांविरुद्ध गावं उठवू लागला, तेव्हा त्यांना मोंबासा पक्कं हाती हवं असं वाटलं.

१५९३ मध्ये काम सुरू झालं, १५९६ पर्यंत बराचसा किल्ला उभा राहिला. आराखडा जोव्हानी बातिस्ता कैराती या इटालियनाचा. मिलानचा हा माणूस पोर्तुगीजांच्या नोकरीत गोव्याला आला, पूर्वेकडच्या त्यांच्या मुलुखाचा मुख्य स्थापत्यकार झाला आणि गोव्यातच वारला. त्या वेळी पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा बसलेला होता. म्हणजे इटालियन डोकं, स्पॅनिश राजा, पोर्तुगीज सैनिक, गोव्याचा हुकूम आणि आफ्रिकेतला दगड.

असं नाव का?

पोर्तुगीजांनी ठेवलेलं मूळ नाव 'फोर्तालेझा द जेझुस द मोंबासा'. पोर्तुगीज आरमाराच्या निशाणावर ख्रिस्ताचा क्रूस असायचा, त्याला धरूनच हे नाव. गंमत म्हणजे किल्ल्याच्या चारशेहून जास्त वर्षांच्या आयुष्यातला मोठा काळ तो ओमानी अरबांच्या आणि मोंबासावर राज्य करणाऱ्या मझरुई घराण्याच्या हातात होता. नाव मात्र बदललं नाही.

वरून माणसासारखा दिसतो म्हणतात, ते खरं का?

हो. चार बुरुज म्हणजे हातपाय, समुद्राकडे पुढे आलेला चौकोनी भाग म्हणजे डोकं. रेनेसाँच्या काळात इमारतीची मापं माणसाच्या शरीरावरून घ्यायची कल्पना इटलीत जोरात होती. पण हे दिसतं फक्त वरून. खाली उभं राहून शोधू नका, त्यापेक्षा दारापाशी लावलेला नकाशा बघा.

जमिनीवरून बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. एका बुरुजाच्या बगलेला शत्रू चिकटला तर समोरच्या बुरुजावरून त्याला टिपता यावं अशा कोनात भिंती वळवल्या आहेत. जमिनीकडच्या साव फेलिपे आणि साव आल्बेर्तो बुरुजांवर हे छान कळतं. आपले डोंगरी किल्ले कडेकपारीच्या भरवशावर उभे असतात. इथे कडा नाही, म्हणून भूमितीच्या जोरावर लढायचं.

वेढ्याची गोष्ट खरी का? तीन वर्षं?

जवळजवळ. १३ मार्च १६९६ ते १३ डिसेंबर १६९८, म्हणजे नेमके तेहेतीस महिने. ओमानच्या इमामाचं, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचं, सैन्य बाहेर. आत मूठभर पोर्तुगीज, त्यांच्या बाजूने उभे राहिलेले स्वाहिली लोक आणि त्यांची बायकापोरं.

गोव्याहून मदत का येत नव्हती, असं लोक विचारतात. उत्तर वाऱ्यात आहे. कोकणातल्या कुठल्याही जुन्या खलाशाला हे सांगावं लागणार नाही. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो तेव्हा हिंदुस्थानातून आफ्रिकेकडे शिडाचं जहाज जातं, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की परत येतं. स्वाहिलीत या दोन वाऱ्यांना 'कास्काझी' आणि 'कुसी' अशी नावंच आहेत. मार्चमध्ये वेढा पडला, म्हणजे गोव्याची शिडं पुढच्या मोसमापर्यंत अडकलीच. मदत आली तीही अपुरी. किल्ल्यात साथ पसरली आणि तोफांनी मेले नाहीत इतके रोगाने मेले. वसईत बांधलेलं आपलं जहाज याच धामधुमीत, १६९७ च्या ऑक्टोबरात, किल्ल्यासमोर बुडालं.

शेवटी ओमानी आत शिरले तेव्हा लढायला उरलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोव्याची पुढची कुमक बंदराच्या तोंडाशी आली. किल्ल्यावरचं निशाण बदललेलं पाहिलं आणि ती माघारी फिरली.

गोव्यात वाढलेल्या सुलतानाची काय भानगड आहे?

ही गोष्ट वेढ्यापेक्षाही विलक्षण आहे. पोर्तुगीजांच्या कारस्थानात मोंबासाचा सुलतान हसन मारला गेला. त्याचा लहानगा मुलगा युसुफ याला गोव्याला नेलं. तिथे ऑगस्तिनियन पाद्र्यांनी त्याला वाढवलं, बाप्तिस्मा दिला आणि दों जेरोनिमो हे नाव ठेवलं. मोठेपणी त्याला मोंबासाच्या गादीवर बसवायला परत पाठवलं. आपला माणूस गादीवर, अशी त्यांची समजूत. पण किल्ल्याच्या कप्तानाने त्याचा पाणउतारा चालवला. ऑगस्ट १६३१ मध्ये युसुफ माणसं घेऊन किल्ल्यात शिरला, कप्तानाला ठार केलं, पुन्हा मुसलमान झाला आणि गावातल्या ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. गोव्याहून आरमार आलं. त्याला किल्ला घेता आला नाही, पण पुढे युसुफच किल्ला सोडून जहाजावर चढला आणि उरलेलं आयुष्य समुद्रावर लूटमार करत राहिला.

पोर्तुगीज परतले. नंतरच्या एका कप्तानाने दारावर शिलालेख कोरून घेतला की वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मी इथला कप्तान झालो, किल्ला नव्याने बांधला आणि या किनाऱ्यावरच्यांना वठणीवर आणलं. दारातून आत जाताना मान वर करून तो लेख नक्की बघा. त्यात युसुफचं नाव नाही, पण त्याचा धसका पुरेपूर आहे.

इतक्या लढाया होऊनही किल्ला धडधाकट कसा?

माझा आवडता प्रश्न. वसईहून गेलेल्याच्या डोळ्यांत हे आधी भरतं. आपल्याकडे तट शाबूत, पण आतलं शहर म्हणजे छप्पर नसलेल्या भिंती आणि त्यांतून वाढलेली झाडं. मोंबासाला मात्र खोल्या, जिने, छपरं, हौद, सगळं जागेवर.

माझं मत असं की तो कधी रिकामा पडला नाही, म्हणून वाचला. पोर्तुगीजांनंतर ओमानी आले, १७२८ मध्ये पोर्तुगीज पुन्हा दीडेक वर्ष येऊन गेले, मग मझरुई, १८३७ पासून झांझिबारच्या सुलतानाचे शिपाई. १८७५ मध्ये बंडखोर किल्लेदाराला हुसकायला ब्रिटिश जहाजांनी तोफा डागल्या, तरी किल्ला उभा राहिला. १८९५ मध्ये ब्रिटिशांनी त्याचा तुरुंग केला आणि १९५८ पर्यंत तो तुरुंगच होता. तुरुंगाचं छप्पर सरकार गळू देत नाही! मग पोर्तुगालच्या गुलबेंकियन फाउंडेशनने पैसे दिले, जेम्स कर्कमन या पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केलं आणि १९६० मध्ये संग्रहालय उघडलं. २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आत गेल्यावर काय चुकवू नये?

आधी दगड. हात लावून बघा. हा जांभा नाही, बेसाल्टही नाही, प्रवाळाचा दगड आहे. बेटच प्रवाळाचं, त्यामुळे किल्ल्याचा पायथा आणि जमिनीकडचा खंदक सरळ त्याच खडकातून कोरून काढलाय. नीट पाहिलं तर दगडात शिंपल्यांचे तुकडे आणि प्रवाळाची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. सांधायला चुनाही प्रवाळ भाजूनच केलेला.

मग पोर्तुगीज शिपायांनी रंगवलेली भिंत. कोळसा आणि गेरूने काढलेली जहाजं, माणसं, मासे. पहाऱ्यावर कंटाळलेल्या पोरांची चित्रं आहेत ती, कलाकाराची नव्हेत. जहाजाचे दोर मात्र एकेक बरोबर काढलेत, कारण ते त्यांना पाठ होते.

साव फेलिपे बुरुजावरचं ओमानी घर छोटं आहे, पण वारा तिथे सगळ्यात छान लागतो. समुद्राकडे उतरणारा, खडकातून खोदलेला कमानींचा बोळ अंधारा आणि गार आहे. जहाजातला माल इथून थेट आत यायचा. चर्चचा फक्त पाया उरलाय. तोफा बऱ्याच आहेत आणि त्यांच्यावर बसून फोटो काढणारेही बरेच आहेत, त्यात तुम्ही भर घालू नका.

किती वेळ लागतो आणि कधी जावं?

अडीच तास धरा. किल्ला रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडा असतो. मी पहिल्या दिवशी बारा वाजता गेले. जानेवारीतलं ऊन, सावली नाही, पायाखाली तापलेला दगड. अर्ध्या तासात बाहेर येऊन शहाळं पीत बसले. दुसऱ्या दिवशी आठला हजर झाले तेव्हा कुठे किल्ला दिसला.

इथे एक गोम आहे. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. सकाळचे आठ म्हणजे 'सा म्बिली', शब्दशः 'दोन वाजले'. रिक्षावाल्याशी स्वाहिलीत वेळ ठरवत असाल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर तुम्ही 'आठ' म्हणाल आणि तो येईल दुपारी दोनला.

महिने म्हणाल तर जून ते सप्टेंबर हवा सुसह्य. एप्रिल-मे धो धो पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोडा. जानेवारी ते मार्च कोरडं, पण घामाच्या धारा.

तिकीट किती?

केनियाचे नागरिक, पूर्व आफ्रिकेतले रहिवासी आणि परदेशी असे वेगवेगळे दर आहेत. आपण तिसऱ्या रांगेत. दर बदलतात, म्हणून आकडा इथे लिहीत नाही. रोख घेतीलच असं धरून चालू नका, कार्ड जवळ ठेवा. तिथला सगळा व्यवहार मोबाइलवरून, एम-पेसाने चालतो. नावातला 'पेसा' म्हणजे आपला पैसाच.

गाइड घ्यावा का?

घ्यावा, पण दर आधी ठरवून आणि संग्रहालयाचा बिल्ला बघून. दाराबाहेर 'माय फ्रेंड, इंडिया, शाहरुख खान' म्हणत जो येतो तो गप्पांना उत्तम, इतिहासाला बेताचा. माझ्या पहिल्या 'मित्राने' चार पिढ्यांची सरमिसळ केली आणि शेवटी ठरल्याच्या दुप्पट मागितले. दिले मी, कारण मांजरांना नावाने हाक मारत जुन्या गावातून फिरवलं त्याने.

मुंबईहून कसं जायचं?

मुंबई ते नैरोबी थेट विमान, साधारण सहा तास. पुढे मोंबासाला विमानाने तासाभराच्या आत, किंवा २०१७ मध्ये सुरू झालेल्या मदाराका एक्स्प्रेसने पाच-सहा तासांत. रेल्वेच घ्या. गाडी त्सावोच्या अभयारण्यातून जाते आणि नशीब असेल तर लाल मातीत लोळलेले हत्ती खिडकीतून दिसतात, म्हणजे सफारीवाल्यांचंही समाधान. स्टेशनवर सामान ओळीत ठेवून कुत्र्यांकडून हुंगवून घेतात, तेव्हा वेळ हाताशी ठेवून पोचा. मोंबासाचं नवं स्टेशन बेटाबाहेर मिरितिनीला आहे. तिथून जुन्या गावापर्यंत वाहतुकीत अडकण्याची तयारी ठेवा.

कागदपत्रं आणि लस?

जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. ती निघण्याआधी सरकारी पोर्टलवरून काढा, मधल्या एजंट साइट नाहक पैसे घेतात. पिवळ्या तापाची लस विसरू नका. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. किनाऱ्यावर मलेरिया आहे. गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि प्लास्टिकच्या पिशव्या! केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. चकल्या, लाडू स्टीलच्या डब्यात न्या.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपाशी राहत नाही, उलट वजन वाढतं. सकाळी 'महामरी' आणि 'म्बाझी' खा. महामरी म्हणजे नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाची, वेलचीच्या वासाची तळलेली फुगीर पोळी. म्बाझी म्हणजे तुरीचे दाणे, नारळाच्या दुधात शिजवलेले. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासात घरी आल्यासारखं वाटतं. संध्याकाळी 'व्याझी कराई': हळद घातलेल्या पिठात बुडवून तळलेले बटाटे, वर चिंचेची चटणी. बटाटेवड्याचा चुलतभाऊच. मांसाहारी लोकांनी मिश्काकी (सळईवर भाजलेलं मांस) आणि बिर्याणी सोडू नये.

रात्री जुन्या गावात पितळी किटलीतून आल्याची कडू काळी कॉफी देतात, सोबत 'कशाता', म्हणजे शेंगदाण्याची नाहीतर खोबऱ्याची वडी.

भाषेची अडचण येते का?

इंग्रजी चालतं. पण दुकानांच्या पाट्या वाचा, मजा येते: दुका, चाय, चपाती, गारी, बिमा, लाकी, कचुंबारी. सरकारला 'सेरिकाली' म्हणतात. 'जांबो' पर्यटकांसाठी. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणा, तो 'मराहबा' म्हणेल. आजोबांना वाकून नमस्कार केल्यावर 'आयुष्मान भव' ऐकतो, त्यातलीच गोष्ट. मी किल्ल्याच्या दारातल्या म्हाताऱ्या शहाळेवाल्याला शिकामो म्हटलं आणि त्याने मलईचं शहाळं निवडून दिलं.

कपडे कसे असावेत?

जुनं गाव मुसलमान वस्तीचं आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बास. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि लिकोनीच्या फेरीवर कॅमेरा बाहेर काढूच नका.

आई-बाबांना नेता येईल?

पायऱ्या उंचसखल आहेत, कठडे सगळीकडे नाहीत. गुडघे दुखत असतील तर मधलं पटांगण आणि संग्रहालय निवांत होतं, बुरुज सोडून द्या. लहान मुलांचा हात सोडू नका.

बुडालेलं जहाज बघता येतं का?

जहाज नाही, पण त्यातून निघालेल्या वस्तू बघता येतात. १९७७ पासून काही वर्षं पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे काम केलं आणि हजारो वस्तू वर आणल्या: चिनी बश्या, मडकी, तोफा, लाकडी सामान. सांगाडा मात्र वर काढला नाही, वाळूखाली पुन्हा झाकून ठेवला. तो अजून तिथेच आहे.

समुद्राकडच्या तटावरून खाली बघितलं तर काहीच दिसत नाही. हिरवट पाणी, एखादी मासेमाराची होडी. मी वसईच्या घरी व्हिडिओ कॉल लावून बाबांना ते पाणी दाखवलं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भरती आहे का गं आता तिकडे?"